प्रवासखर्चाची वही

(हिंगणा येथे कुटुंबांसाठी आयोजित कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. व्याख्यान म्हटले की इतिहास, संस्कृती, थोर पुरुषांची चरित्रे असे विषय आपल्याला अपेक्षित असतात. मी मात्र आज आपल्यासमोर पेट्रोल, तिकीट, टायर आणि शेअर ऑटो यांच्याविषयी बोलणार आहे. घरातून कामाच्या ठिकाणी जाण्यायेण्याला खरोखर किती खर्च येतो, एवढाच माझा विषय आहे. तो लहान वाटतो. परंतु आपल्या घरातील मुलीने नोकरी करायची की नाही, घर कोठे घ्यायचे, कर्ज काढायचे की नाही, असे मोठे निर्णय याच लहान हिशेबावर घेतले जातात. आणि पुष्कळदा हा हिशेबच चुकलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

मी आयुष्यभर एका कारखान्याच्या लेखा विभागात काम केले. कोणत्या यंत्रावर किती खर्च झाला, त्याची किती झीज झाली, याच्या नोंदी ठेवणे हाच माझा व्यवसाय. घरीही मी खर्चाची वही नेमाने लिहीत असे. एकदा आमच्या सौभाग्यवतींनी ती वही चाळली आणि मला विचारले, "कारखान्यात तुम्ही यंत्राचा घसारा लिहिता. मग घरच्या स्कूटरचा का नाही लिहीत?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. वहीत 'प्रवास' या सदराखाली वर्षानुवर्षे केवळ पेट्रोलचे आकडे होते. स्कूटर विकत घेताना दिलेले पैसे, विमा, टायर, बॅटरी, पंक्चर हे सारे 'इतर' या सदरात विखुरलेले होते. त्यामुळे माझा प्रवासखर्च मला नेहमी निम्माच दिसत असे. ज्याचा चरितार्थ हिशेबावर चालला, त्याची ही स्थिती! तेव्हा मी येथे उपदेशक म्हणून उभा नाही. चूक उशिरा उमगलेला आपल्यातलाच एक गृहस्थ म्हणून बोलतो आहे.

सायकलींच्या रांगांपासून मेट्रोपर्यंत

हिंगण्याच्या रस्त्याचा इतिहास म्हणजे एका अर्थाने कामाला जाणाऱ्या माणसांचा इतिहास. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि पुढे या रस्त्याच्या कडेला औद्योगिक वसाहत उभी राहिली. पाळी सुटल्यावर रस्त्यावर सायकलींची रांग लागत असे, ते दृश्य येथील ज्येष्ठांना स्मरत असेल. त्या काळी कामगाराचा प्रवासखर्च म्हणजे एखादे पंक्चर आणि वर्षाकाठी टायर-ट्यूब. पुढे डिगडोह, वानाडोंगरी या गावांची उपनगरे झाली. अभियांत्रिकी महाविद्यालये आली, मोठे रुग्णालय आले. सायकलीची जागा आधी स्कूटरने आणि नंतर मोटारसायकलने घेतली.

यानंतरचा टप्पा मेट्रोचा. २८ जानेवारी २०२० रोजी सीताबर्डी ते लोकमान्यनगर हा मार्ग प्रवाशांसाठी सुरू झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिला टप्पा पूर्ण झाला आणि पूर्वेला प्रजापतीनगर, उत्तरेला ऑटोमोटिव्ह चौक, दक्षिणेला खापरी आणि पश्चिमेला लोकमान्यनगर अशी चारही दिशांची टोके जोडली गेली. या टप्प्याला सुमारे ८,६५० कोटी रुपये खर्च आला. त्याच दिवशी दुसऱ्या टप्प्याची पायाभरणी झाली. सुमारे ४३.८ किलोमीटर लांबीच्या आणि ६,७०८ कोटी रुपयांच्या या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने काही दिवस आधीच मान्यता दिली होती. त्यात लोकमान्यनगर ते हिंगणा या सुमारे ६.७ किलोमीटरच्या मार्गाचाही समावेश आहे.

हा ६.७ किलोमीटरचा आकडा कृपया लक्षात ठेवावा. माझ्या आजच्या बोलण्याचा अर्धा भाग त्या सहा-सात किलोमीटरांतच आहे.

एका घरातील प्रश्न

काही काळापूर्वी आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात गेलो होतो. वडील औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीने काम करतात. घर हिंगणा गावात. मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर. तिला बर्डीवर एका कार्यालयात महिना १४,००० रुपयांची नोकरी मिळाली होती. घरात आनंद असायला हवा होता. प्रत्यक्षात सारे गंभीर होते.

वडील मला म्हणाले, "काका, तुम्हीच सांगा. हिला गाडी घेऊन द्यावी लागेल. हप्ता, पेट्रोल, पार्किंग जाऊन उरणार काय? त्यापेक्षा घरी बसून मुलांच्या शिकवण्या घे म्हणतो."

मुलगी काही बोलली नाही. खाली मान घालून बसली होती. तिची आई तेवढी हळूच म्हणाली, "शिकवली ती घरी बसवायलाच का?"

त्या गृहस्थांचे काय चुकले? त्यांची भीती खोटी नव्हती. त्यांनी हिशेब मात्र एकाच मार्गाचा केला होता आणि तोही मनातल्या मनात. मी कागद-पेन्सिल मागितली. तो कागद आज आपल्यासमोर मांडतो.

कागदावरचे आकडे

हिंगणा गावापासून बर्डीपर्यंतचे अंतर सुमारे १७ किलोमीटर. जाऊन-येऊन ३४. महिन्यात कामाचे २५ दिवस धरले तर ८५० किलोमीटर. पुढील सर्व आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. भाडी आणि किमती बदलत राहतात. आपण आपल्या तिकिटावरचा आणि आपल्या पंपावरचा आकडा घालून हीच बेरीज पुन्हा करावी. महत्त्व पद्धतीला आहे.

प्रथम दुचाकी. लिटरला ५० किलोमीटर धरले तर महिन्याला १७ लिटर पेट्रोल लागते. १०५ रुपये दराने त्याचे १,७८५ रुपये होतात. बहुतेक लोक येथेच थांबतात. आपण पुढे जाऊ. सर्व्हिसिंग, इंजिन ऑइल, टायर, बॅटरी यांचे वर्षाला ६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५००. विम्याचे वर्षाला १,८०० रुपये, म्हणजे महिन्याला १५०. बर्डीवर गाडी उभी करण्याचे रोजचे १० रुपये, म्हणजे २५०. आणि आता ती मोठी रक्कम, जी मी माझ्या वहीत कधी लिहिली नाही. ९५,००० रुपयांना घेतलेली गाडी आठ वर्षांनी २३,००० रुपयांना विकली, असे समजा. ७२,००० रुपये आठ वर्षांत झिजले. छप्पन्नास महिन्यांचा नव्हे, पुरत्या ९६ महिन्यांचा भाग दिला तरी महिन्याला ७५० रुपये होतात. सर्वांची बेरीज ३,४३५ रुपये. पेट्रोल त्याच्या जेमतेम निम्मे. 'दोन रुपयांत किलोमीटर पडतो' असे आपण म्हणतो, तेव्हा तो प्रत्यक्षात चार रुपयांना पडत असतो.

आता चारचाकी. त्याच अंतराला लिटरमागे १४ किलोमीटर धरल्यास पेट्रोलचे सुमारे ६,३७५ रुपये होतात. देखभालीचे १,०००, विम्याचे १,०००, पार्किंगचे ७५०. सात लाखांची गाडी दहा वर्षांनी एक लाख साठ हजारांना गेली तर घसारा महिन्याला ४,५००. एकूण १३,६२५ रुपये, म्हणजे किलोमीटरला सोळा रुपये.

तिसरा मार्ग मेट्रोचा. लोकमान्यनगर ते सीताबर्डी एका वेळचे २५ रुपये धरू. महिन्याचे १,२५० होतात. परंतु हिंगण्याचा माणूस लोकमान्यनगरपर्यंत कसा जाणार? शेअर ऑटोचे एका वेळचे २० रुपये धरले तर आणखी १,००० रुपये. एकूण २,२५०. मेट्रो दहा-अकरा किलोमीटर नेते आणि १,२५० घेते. ऑटो सहा-सात किलोमीटर नेतो आणि १,००० घेतो. स्वस्त प्रवासाची महाग बाजू कोठे आहे, हे यावरून कळते.

चौथा मार्ग शहर बसचा. एका वेळचे ३५ रुपये धरले तर १,७५० रुपये, आणि मासिक पास काढल्यास त्याहून कमी. पैशाच्या दृष्टीने हा मार्ग सर्वांत हलका. वेळेच्या दृष्टीने सर्वांत जड. बस वेळेवर आली नाही तर सारा हिशेब कोलमडतो.

बेरीज झाली, निर्णय बाकी आहे

येथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, मग सर्वांनी मेट्रो वा बसनेच जावे, हेच वक्त्याला सांगायचे आहे. तसे नाही. हिशेब प्रामाणिकपणे केला तर तो आपल्या आवडीच्या उत्तराकडे नेईलच असे नसते.

पती-पत्नी दोघे एकाच दिशेला, एकाच वेळी कामाला जात असतील तर दुचाकीचे ३,४३५ रुपये दोघांत विभागले जातात. प्रत्येकी १,७०० च्या आसपास. मेट्रो आणि ऑटोपेक्षाही ते कमी आहेत. चार सहकारी एका मोटारीतून रोज जात असतील तर १३,६२५ रुपयांचे प्रत्येकी सुमारे ३,४०० होतात. म्हणजे एकट्याने दुचाकीवर उन्हातून जाण्याचा जो खर्च, त्याच खर्चात चौघे जण सावलीत बसून जातात. आणि तीच मोटार एकट्याने नेली तर? एका माणसाला बसायला एक आसन लागते आणि तो चार आसनांचे भाडे भरत असतो. महागडे वाहन असे वेगळे काही नसते. रिकाम्या आसनांमुळे वाहन महाग होते.

दुसरी गोष्ट अशी की, घरात आधीच असलेले वाहन वापरणे आणि नवे विकत घेणे, हे दोन निराळे प्रश्न आहेत. गाडी दारात उभी असेल तर तिचा विमा आपण भरतच आहोत, तिची किंमत काही प्रमाणात उतरतच आहे. ती थोडी अधिक चालवली तर वाढीव खर्च मुख्यतः पेट्रोलचा आणि देखभालीचा. परंतु केवळ कामावर जाण्यासाठी घरात दुसरी गाडी आणायची असेल तर पूर्ण ३,४३५ रुपये मोजावे लागतील, आणि कर्जाने घेतली तर त्याहून अधिक.

त्या मुलीच्या बाबतीत नेमके हेच होते. २०,००० रुपये रोख आणि ७५,००० चे कर्ज, अकरा टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता येतो सुमारे २,४५५ रुपये. त्यात पेट्रोल, देखभाल, विमा, पार्किंग मिळवले तर पहिली तीन वर्षे महिन्याला ५,१४० रुपये. चौदा हजारांतील एक तृतीयांशाहून अधिक रक्कम रस्त्यावर जाणार. वडिलांची धास्ती अगदीच अनाठायी नव्हती, असे मी त्यांना मोकळेपणाने सांगितले. त्याच कागदावर खाली मेट्रो-ऑटोचा आकडा होता: २,२५०. तो पाहून ते काही वेळ गप्प बसले. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला.

"सकाळचे ठीक आहे. संध्याकाळी साडेसात-आठला ही लोकमान्यनगरला उतरेल. तिथून ऑटो भरेपर्यंत थांबायचे. थंडीचे दिवस, अंधार. ते कसे?"

बंधू-भगिनींनो, पैशाच्या बोलण्यामागे खरी चिंता ही होती. बाप 'परवडत नाही' म्हणत होता, आणि त्याच्या मनात अंधाराची भीती होती. आपल्या किती घरांत असेच होत असेल! जे बोलायला संकोच वाटतो, ते आपण पैशाच्या भाषेत बोलतो. मग पैशाचा हिशेब सुटला तरी प्रश्न सुटत नाही.

शेवटचे सहा किलोमीटर

आम्ही पुन्हा कागदाकडे वळलो. वडिलांची पाळी आलटून-पालटून असते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात ते दुपारीच घरी येतात. त्या दिवसांत त्यांनीच मोटारसायकलने मुलीला स्थानकावरून आणावे. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. त्या आठवड्यांचे काय? आईने सुचवले की, याच वस्तीतील आणखी दोन मुली बर्डीकडे कामाला जातात, त्यांना विचारून पाहू. तिघींनी मिळून ठरलेल्या वेळी ओळखीचा एक ऑटो लावला तर प्रत्येकीला एका वेळचे ४० रुपये पडतील. वडिलांच्या गाडीचे वाढीव पेट्रोल, ऑटोचे वाढीव पैसे, असे सारे धरून महिन्याचा खर्च २,६०० रुपयांच्या आसपास जात होता. १४,००० तून ११,४०० हाती उरत होते.

मुलीने नोकरी धरली. त्या तिन्ही मुली आजही एकत्र येतात-जातात. त्यांच्यातील एकीला सुट्टी असली तर उरलेल्या दोघींना वाटा थोडा जास्त पडतो, तेवढेच. हा काही मोठा पराक्रम नव्हे, याची मला कल्पना आहे. परंतु एका मुलीचे शिक्षण कामी आले आणि एका घराने वीस हजार रोख आणि पाऊण लाखाचे कर्ज टाळले. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी दोन शब्द बोलण्यातून हे साधले. आपण समाजसंघटन हा शब्द मोठ्या व्यासपीठांवर वापरतो. त्याची पहिली पायरी अशी एखाद्या ऑटोत असू शकते.

वडिलांनी मात्र स्वतःची मोटारसायकल सोडली नाही, आणि सोडायलाही नको होती. मेट्रोची वाहतूक रात्री दहापर्यंत असते. अकराला सुटणाऱ्या कामगाराला तिचा उपयोग काय? त्यांना घरापासून कारखान्यापर्यंत सहा किलोमीटर जायचे असते. महिन्याला ३०० किलोमीटर होतात. पेट्रोल अवघे ६ लिटर. पण विमा, घसारा हे ठरलेले खर्च तेवढेच राहतात, म्हणून त्यांचा किलोमीटर सहा रुपयांच्या घरात जातो. शेअर ऑटो त्यांना कागदावर स्वस्त पडेल. रात्री अकराला तो मिळणार नाही. म्हणजे एकाच घरात बापाला दुचाकी योग्य आणि मुलीला मेट्रो योग्य. प्रत्येकाच्या कामाची वेळ, अंतर आणि सोबत पाहूनच उत्तर ठरते. शेजाऱ्याने गाडी घेतली म्हणून आपणही घ्यावी, हे जितके चूक, तितकेच शेजारी मेट्रोने जातो म्हणून आपणही जावे हेही चूक.

जे बेरजेत बसत नाही

काही खर्च असे असतात की ते कोणत्याही वहीत लिहिता येत नाहीत.

पहिला जिवाचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातल्यामुळे ५०,०२९ जणांचा जीव गेला, त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते. 'मागे बसणाऱ्याला काय हेल्मेट?' असे आपण सहज म्हणतो. त्या 'काय'चे उत्तर या आकड्यात आहे. पती-पत्नीने एका दुचाकीवर जाणे स्वस्त पडते, असे मी आताच सांगितले. त्या हिशेबात दोन हेल्मेटची किंमत धरलेली असावी, एकाची नव्हे.

दुसरा वेळेचा. हिंगण्याहून बर्डीला दुचाकीने पाऊण तासात पोहोचता येते. ऑटो, प्रतीक्षा आणि मेट्रो मिळून तासभर तरी लागतो. दिवसाला अर्धा तास, महिन्याला साडेबारा तास अधिक. सकाळी डबे करून निघणाऱ्या आणि परतल्यावर पुन्हा चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या भगिनीसाठी हा अर्धा तास फार मोलाचा असतो. तिला 'मेट्रोने जा, पैसे वाचतील' असे सांगणाऱ्या पुरुषाने तो अर्धा तास घरकामात स्वतः उचलावा, तरच तो सल्ला न्याय्य ठरेल. दुसऱ्या बाजूने पाहिले तर मेट्रोत बसलेली वीस-पंचवीस मिनिटे आपली स्वतःची असतात. विद्यार्थी त्या वेळेत धडा वाचतो. हँडल धरलेल्याला ते शक्य नसते.

तिसरा खर्च देशाचा. आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. महिन्याला १७ लिटर पेट्रोल जाळणारा एक माणूस वर्षाला २०४ लिटर जाळतो. स्वदेशीचा विचार आपण साबण आणि टूथपेस्टपाशी थांबवतो. तो पेट्रोलच्या टाकीपर्यंतही नेला पाहिजे. कुणी गाडी टाकून द्यावी, असे मी म्हणत नाही. आठवड्यातून दोन दिवस ती घरी ठेवता येईल का, एवढे तरी पाहावे.

समाजाने उचललेला वाटा

प्रवासाचा खर्च केवळ व्यक्तीने सोसायचा की समाजानेही त्यात वाटा उचलायचा, हा प्रश्न जगभर विचारला जात आहे. लक्झेंबर्ग या छोट्या युरोपीय देशाने २०२० पासून सार्वजनिक वाहतूक सर्वांना विनामूल्य केली. जर्मनीने मे २०२३ मध्ये देशभरातील स्थानिक आणि प्रादेशिक वाहतुकीसाठी ४९ युरोचा एकच मासिक पास आणला; पुढे तो खर्च पेलवेना, तेव्हा त्याची किंमत वाढवावी लागली. आपल्या महाराष्ट्रात एसटीने ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास दिला आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्याची सवलत दिली. ज्या घरातील स्त्री पूर्वी 'भाडे कशाला घालवायचे' म्हणून माहेरी जाणे टाळत असे, ती आज जाते, हे आपण पाहतो.

मुंबईचे उदाहरण तर आपल्या सर्वांच्या परिचयाचे. तेथील लोकलच्या मासिक पासामुळे कल्याण-विरारसारख्या दूरच्या ठिकाणी घर घेऊन शहरात नोकरी करणे सामान्य कुटुंबांना शक्य झाले. स्वस्त घर आणि स्वस्त प्रवास या दोन गोष्टी तेथे जोडीने आल्या. आपल्याकडे नेमकी उलटी चूक होते. दूरच्या ले-आउटमधील प्लॉट चार लाखांनी स्वस्त मिळाला म्हणून आपण आनंदतो. त्या ले-आउटला बस नसते. मग घरातील तिघांसाठी तीन गाड्या येतात. तीन गाड्यांचे महिन्याला दहा हजार. चार लाखांची बचत साडेतीन वर्षांत रस्त्यावर सांडते आणि त्यानंतरही खर्च सुरूच राहतो. घर पाहायला जाल तेव्हा विहिरीचे पाणी पाहता, वास्तूची दिशा पाहता, तसे बसचा थांबा किती पावलांवर आहे हेही पाहा.

आणि यात शासनाचे, स्थानिक संस्थांचे उत्तरदायित्व आहेच. हजारो कोटी खर्चून मेट्रो उभी राहते. ती आणि आपले घर यांच्यामधले सहा किलोमीटर वाऱ्यावर सोडले तर त्या हजारो कोटींचे फळ हिंगण्याच्या माणसाच्या हाती पूर्णपणे पडत नाही. हिंगण्यापर्यंतचा मार्ग सुरू होईल तेव्हा महिन्याचे ते हजार रुपये बरेचसे वाचतील. परंतु त्यानंतरही स्थानक ते घर हे अंतर राहणारच. मेट्रोच्या वेळांशी जुळणारी बस, पायी चालण्याजोगा पदपथ, त्यावर दिवे, सायकल ठेवायला सुरक्षित जागा या मागण्या लहान वाटतात. त्या कोणी करत नाही, म्हणून त्या पूर्णही होत नाहीत. आपल्या नगरसेवकापाशी आपण मंडपासाठी वर्गणी मागायला जातो. एकदा पदपथावरील दिव्यांसाठीही जावे.

एक महिन्याचा संकल्प

समारोप करताना मी आपणांस फार मोठे काही मागणार नाही. घरी गेल्यावर एक साधी वही घ्या. तिच्यावर 'प्रवास' असे लिहा. एक महिनाभर घरातील प्रत्येकाचा प्रत्येक प्रवास त्यात टिपा: कोण, कोठे, कशाने, किती वेळ, किती पैसे. महिनाअखेरीस त्यात विम्याचा बारावा हिस्सा मिळवा, देखभालीचा मिळवा आणि माझ्या घरच्या शिकवणीनुसार घसाराही मिळवा. मग सगळ्या घराने एकत्र बसून ती बेरीज वाचा. आई-वडील, मुले, सुना, सर्वांनी.

घरातील मुलांना हा हिशेब दाखवण्यात संकोच नको. अठराव्या वर्षी गाडी मागणाऱ्या मुलाला 'नाही' म्हणण्यापेक्षा ही वही त्याच्या हाती द्यावी. तो स्वतः बेरीज करील. कदाचित गाडी खरोखरच आवश्यक आहे, असे तोच आपल्याला पटवून देईल. तसे झाले तर आनंदाने घ्या. विचारपूर्वक केलेला खर्च हा अपव्यय नसतो.

आणि ती बेरीज 'परवडत नाही' असे सांगू लागली, तर पेन्सिल खाली ठेवण्यापूर्वी एकदा विचारा: मी किती मार्गांचा हिशेब केला? माझ्या वस्तीतील कोण त्याच दिशेला जाते? आणि मला खरी चिंता पैशाचीच आहे ना?

त्या घरातील माउलीने विचारलेला प्रश्न अजून माझ्या कानांत आहे. तिच्या मुलीचे उत्तर सहा किलोमीटरांवर अडले होते आणि ते तीन घरांनी मिळून सोडवले. आपल्या वस्तीत असे किती सहा किलोमीटर असतील, ते आपण शोधावेत, एवढीच प्रार्थना करून मी थांबतो.